शाळेचं वावर

सकाळी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा आमच्या वाफ्यांत गुरुजींची म्हैस उभी होती. मेथी संपवून ती सांबाराकडे वळली होती. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला हेच म्हणतात. त्या दिवशी ती मेथी आम्ही उपटणार होतो, जुड्या बांधणार होतो आणि घरी नेणार होतो. मी आईला आदल्या दिवशी सांगूनही ठेवलं होतं की आज भाजी करू नकोस.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, रोहण्याच्या अलीकडचं. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच. मोठे गुरुजी गावातलेच, मुख्याध्यापक तेच, आणि शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून जे वावर, म्हणजे शेत, होतं तेही त्यांचंच. दुसऱ्या होत्या बाई. त्या नव्याने नोकरीला लागल्या होत्या आणि रोज वर्ध्याहून एसटीने यायच्या. ही गोष्ट नव्वदीनंतरच्या वर्षांतली, मी चौथीत असतानाची.

बाईंना वर्गात बसून शिकवणं जमतच नसे. मैदानात काठी रोवून सावली मोजायला लावायच्या. नारळाच्या करवंट्यांचा तराजू करून आमच्याकडून चिंचोके तोलून घ्यायच्या. शर्टाचं बटण लावणं, पोस्टात जाऊन कार्ड टाकणं, दोरीला पक्की गाठ मारणं, हे सगळं त्यांनी शिकवलं. कार्यानुभवाच्या तासाला शाळेमागे वाफे करून दिले, दोघादोघांत एक. माझी जोडी माझ्या मैत्रिणीशी होती. ती शेतकऱ्याची मुलगी, मी दुकानदाराची. एसटीच्या थांब्याजवळ आमचं किराण्याचं दुकान होतं. मेथी मला माहीत होती ती पोत्यातल्या दाण्यांपुरती. तो दाणा फुटून वर येताना स्वतःचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन येतो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पाहून इतकी हरखले की त्या दिवशी मी दुकानातल्या पोत्यात हात घालून बराच वेळ नुसती बसले होते.

ती मेथी म्हशीच्या पोटात गेली. गुरुजी दात घासत आले आणि म्हणाले, "सुटली असन रात्री. जनावर आहे, त्याले काय समजते?"

माझी मैत्रीण खाली वाकून पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, सुटलेली म्हैस आपला खुंटा आपणच ठोकते का?"

खुंटा वाफ्याच्या मधोमध ठोकलेला होता. तिच्या कानाखाली जी बसली, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. बाई तिथेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांची नोकरी कच्ची होती आणि त्यांचा शेरा गुरुजींच्या हातात होता, हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या दुपारी गुरुजींनी जाहीर केलं की यापुढे कार्यानुभवाचा तास ते स्वतः घेतील.

तो तास म्हणजे कुंपणापलीकडे जाणं. कापसाचे दिवस होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, आमच्या खांद्याला लागायची. मुलींनी ओढणी नाहीतर आईचं जुनं लुगडं कमरेला बांधून ओटी करायची, मुलांनी पोतं बांधायचं, आणि सकाळच्या थंडीत दवाने ओल्या झालेल्या ओळींत शिरायचं. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात. तिथे रक्त येत नाही, नुसतं चुरचुरतं, आणि जेवताना तिखट लागलं की जीव जातो. गुरुजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीखाली पेपर वाचत बसायचे. मधूनच म्हणायचे, "वर्धा जिल्ह्याचे पोट्टे आहात तुम्ही. श्रमाची लाज वाटाले नाई पाह्यजे."

लाज आम्हाला वाटतच नव्हती. माझी मैत्रीण घरच्या वावरात वेचायचीच. तिने मला शिकवलं: बोंड डाव्या हाताने धर, पाचही बोटं एकदम घाल, पाकळीचा कचरा येऊ देऊ नको. मी शिकले. राग होता तो वेगळाच. बाईंच्या वाफ्यातलं आमचं होतं. इथलं सगळं बैलबंडीत भरून गुरुजींच्या घरी जात होतं आणि त्यालाही ते शिक्षणच म्हणत होते.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मास्तरशी कायले वैर घ्याचं? थोडं काम केल्यानं हात झिजत नाई." गुरुजी गावात वजनदार होते. बाबांना गावात दुकान चालवायचं होतं.

मग शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले. जीपमधून उतरले, फळा पाहिला, पाढे विचारले. शेवटी म्हणाले, "कार्यानुभवात काय शिकलात यंदा? कोण सांगेल?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. गुरुजींच्या वावरात कापूस वेचतो, त्यांच्या गोठ्यातलं शेण काढतो, म्हैस धुतो, गुरुजींच्या घरचं अंगण सारवतो. म्हैस कशी धुवायची हेही सांगितलं: आधी पाठ, मग पोट, शेपटीकडे उभं राहायचं नाही. बोलताना मला वाटत होतं, आता साहेबांचा चेहरा बदलेल, आता ते गुरुजींकडे वळतील.

वळले. आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात शिक्षण. पुस्तकाबाहेरचं. या जिल्ह्यात हे नाही होणार तर कुठे होणार?"

गुरुजींना क्षणभर काय झालं ते कळलंच नाही. पण मुरलेला माणूस. लगेच हात जोडून म्हणाले, "साहेब, मुलं गुरुजींचं वावर म्हणतात, पण ते मी शाळेलाच दिल्यासारखं आहे. शाळेची शेती समजा. जे पिकतं ते या लेकरांचंच."

"अस्सं! उत्पन्न मुलांसाठी?"

"मग कोणासाठी, साहेब?"

साहेब इतके खूश झाले की सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला स्वतः येतो म्हणाले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "भाषण या चुणचुणीत मुलीला करू द्या."

जीप वळणापलीकडे गेली आणि गुरुजींनी माझा कान पकडला. "जिभेले हाड नाई तुह्या. लय बोलते नं? आता पाह्य." दुसऱ्या दिवसापासून गोठा माझ्या एकटीकडे आला. शेणाची टोपली डोक्यावर घेऊन उकिरड्यापर्यंत जायचं. उकिरडा गोठ्यामागेच होता, पण गुरुजींनी मला मुद्दाम दुसरीकडचा दाखवला, ज्याची वाट आमच्या दुकानासमोरून जात होती. बाबा गिऱ्हाईक करता करता मान खाली घालायचे. टोपलीतून ओघळ मानेवर यायचा. मी रडले नाही. त्या वाटेवर मी रोज गुरुजींना काय काय व्हावं याची मनात उजळणी करायची. म्हशीने लाथ मारावी. विहिरीत चष्मा पडावा. खळ्याला आग लागावी. पण यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं, आणि मला ते माझ्या हातून व्हायला हवं होतं.

तूर पिकली तेव्हा गुरुजींची घाई सुरू झाली. मजूर मिळत नव्हते, मिळाले तरी द्यावं लागलं असतं. कापूस वेचणं एक, तूर कापणं दुसरं. तुरीचं खोड लाकडासारखं असतं. विळ्याला जोर लावावा लागतो आणि विळा निसटला की कुठे जाईल सांगता येत नाही. गुरुजींनी चौथीच्या पोरांच्या हातात विळे दिले.

माझ्या मैत्रिणीचा विळा निसटला. तिने खोड डाव्या हाताने धरलं होतं. आधी ती काही बोललीच नाही, नुसती हाताकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं मधलं पेर उघडं पडलं होतं. आत पांढरं दिसत होतं.

गुरुजी धुऱ्यावरून धावत आले. मला वाटलं तिला उचलतील, बंडी जोडतील. त्यांनी मूठभर हळद आणवली, फडकं बांधलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसून हळू आवाजात म्हणाले, "घरी सांगजो, खेळता खेळता टिनाच्या पत्र्यावर पडली. वावराचं नाव काढलं तं तुले पाचवीत कोणत्या शाळेत घेते ते मी पायतो. समजलं?"

तिने मान हलवली. घरी तसंच सांगितलं. बोट सुजलं, पू झाला, आर्वीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बोट राहिलं पण वळायचं बंद झालं. शीर तुटली होती म्हणे, आणि उशीर झाला होता. ती घरी पडून होती तेव्हा मी तिच्याकडे गेले. तिची आई बाहेर गेलेली पाहून मी म्हटलं, "सांगून टाक नं खरं."

"नाई सांगत. मले पाचवीत जाचं आहे."

"मी सांगतो मग."

"तू सांगतलं होतं नं साहेबाले? काय झालं? त्याईनं तं वाहवा केली."

तिच्या त्या बोलण्याने मला एक गोष्ट कळली. गुरुजींविरुद्ध काही सांगून उपयोग नव्हता. त्यांचीच तारीफ करायला हवी होती.

ती कशी करायची, ही अक्कल मला दुकानात आली होती. बाबा भिडस्त होते, पण एका बाबतीत पक्के. कोणी गिऱ्हाईक चार माणसांत फुशारकी मारायला लागलं की बाबा त्याचा शब्द धरून ठेवायचे. एकदा एक जण दुकानात बसून म्हणाला, हनुमान जयंतीच्या पंगतीला सगळा गूळ माझ्याकडून. बाबांनी लगेच देवळात निरोप धाडला, गुळाची व्यवस्था झाली, मंडळींनी त्यांचे आभार मानावेत. तो माणूस घरी पोचायच्या आत पुजारी नारळ घेऊन त्याच्या दारात. आणावा लागला त्याला गूळ. आई हसली होती, बाबा मात्र गंभीरपणे म्हणाले होते, "मी काय केलं? त्याचाच शब्द त्याच्या घरी पोचवला."

सव्वीस जानेवारीचं भाषण गुरुजींनी स्वतः लिहून माझ्याकडून पाठ करून घेतलं. काळी आई, बळीराजा, श्रमदेवता, आणि शेवटी आमच्या पूजनीय गुरुजींना वंदन. मी शब्दन् शब्द पाठ केला. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, सगळं त्यांच्या मनासारखं. ते खूश होऊन म्हणाले, "आता आली ठिकाणावर." गोठ्याचं कामही त्यांनी थांबवलं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही मुलांनी खळ्यावर तूर काठ्यांनी झोडपली आणि मोठ्या मुलांनी उपणली. स्वच्छ दाण्यांचा ढीग तिथे तयार होता.

त्या सकाळी प्रभातफेरी झाली, झेंडा चढला. साहेब आले होते, सरपंच होते, आयाबाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. माझी मैत्रीण आईबापांबरोबर पुढेच बसली होती, हात फडक्याच्या झोळीत. मी उभी राहिले. भाषण जसंच्या तसं म्हटलं. गुरुजी खुर्चीत मागे रेलून मान डोलवत होते. वंदन झालं, टाळ्या झाल्या. मी खाली बसले नाही.

"अजून एक सांगायचं राहिलं," मी म्हटलं. "आमच्या गुरुजींनी साहेबांना शब्द दिला होता की शाळेच्या शेतीत जे पिकतं ते लेकरांचं. यंदा शाळेच्या वावरात तूर झाली आहे. गुरुजी ती सगळी मुलांना वाटणार आहेत. आज साहेब आले आहेत, तर त्यांच्या हातानं वाटप व्हावं, अशी आम्हा सगळ्या मुलांची इच्छा आहे."

क्षणभर कोणालाच समजलं नाही. मग साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बायांनी वाजवल्या. सरपंच उठून उभे राहिले. गुरुजींशी त्यांचं धुऱ्यावरून जुनं भांडण होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पुन्हा कधी पाहिला नाही. "वा गुरुजी! गावात असा माणूस नाई झाला. सगळी तूर! बोला, गुरुजी की…"

"जय!" पोट्ट्यांनी आवार दणाणून सोडलं.

गुरुजींचं तोंड उघडं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. त्या नजरेसाठी मी आणखी वर्षभर शेण वाहिलं असतं. वावर माझं आहे म्हणावं, तर फुकट राबवून घेतलेली पोरं समोर बसलेली. शाळेचं आहे म्हणावं, तर तूर गेली. ते कसंबसं म्हणाले, "साहेब, अजून वाळायची आहे ती. ओली आहे."

"वाळली, साहेब," मी म्हटलं. "कालच आम्ही झोडपली. खळ्यात ढीग पडला आहे."

साहेब उठलेच. अख्खं गाव गुरुजींच्या घरापुढच्या खळ्याकडे निघालं. त्या काळी शाळेतून महिन्याचा तांदूळ मिळायचा, त्यामुळे पिशवी आणून रांगेत उभं राहणं आम्हाला चांगलं येत होतं. ज्यांच्याजवळ पिशवी नव्हती ते धावत घरी जाऊन घेऊन आले. साहेबांनी मापाची पायली गुरुजींच्याच हातात दिली.

"पहिलं माप माझ्या मैत्रिणीचं," मी म्हटलं.

साहेबांनी झोळीतला हात पाहिला. "काय झालं गं हाताला?"

तिने हात झोळीत आणखी आत ओढला. मग मीच म्हटलं, "शाळेच्या वावरात तूर कापताना इळा लागला, साहेब."

तिचे वडील मागे उभे होते. कमी बोलणारा माणूस. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. "टिनाचा पत्रा नाई?" तिने नाही म्हणून मान हलवली, आणि इतक्या दिवसांचं रडं तिला तिथे फुटलं. मला वाटलं आता मारामारी होते. पण ते पुढे आले, गुरुजींच्या हातातून पायली काढून घेतली आणि म्हणाले, "सरका, गुरुजी. आता मी मोजतो."

आणि त्यांनी मोजलं. शीग लावून, मापावर ढीग येईपर्यंत. माझ्या मैत्रिणीची पिशवी शिवणीतून उसवली तरी थांबले नाहीत. मग एकेक पोर. चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. ढीग संपला तेव्हा त्यांनी झाडणी मागून घेतली आणि खळं झाडून कोपऱ्यातले दाणेसुद्धा एका चिमुरडीच्या फ्रॉकमध्ये घातले. गुरुजींची बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मला तिची दया आली नाही. आजही येत नाही.

साहेब मधल्या मधे घड्याळ पाहून निघून गेले. जाताना गुरुजींना एवढंच म्हणाले, "मुलांच्या हातात विळे नका देऊ हो." झालं. त्यांनी एकदा ज्याची पाठ थोपटली, त्याच्याविरुद्ध ते काय लिहिणार? उलट उन्हाळ्यात गुरुजींना उपक्रमशील शिक्षक म्हणून तालुक्याच्या कार्यक्रमात प्रमाणपत्र मिळालं. ते ऐकून मी जेवले नव्हते.

बाबा त्या दिवशी मला खूप बोलले. गावात राहायचं आहे, धंदा करायचा आहे, ही पोरगी आपल्याले बुडवते. चार दिवसांनी आईने ती तूर भरडून तिचं वरण केलं. बाबांनी दोनदा वाढून घेतलं.

पुढल्या हंगामात गाव त्या तुकड्याला शाळेचं वावर म्हणायला लागलं होतं. कापूस फुटला की बाया गुरुजींना विचारायच्या, "यंदा कापूस बी वाटता का, गुरुजी?" त्यांनी दुप्पट द्यायचं कबूल केलं तरी गावातला एकही माणूस त्यांच्याकडे वेचायला गेला नाही. अखेर त्यांनी बदली मागून घेतली आणि हिंगणघाटकडे निघून गेले. त्यांची बैलबंडी सामान घेऊन आमच्या दुकानासमोरून गेली तेव्हा मी मुद्दाम बाहेर येऊन उभी राहिले. माझी मैत्रीण मात्र पाचवीला आलीच नाही. हाताचं निमित्त झालं, शाळा दुसऱ्या गावी, आणि घरच्यांनी बसवून ठेवलं. माझा हिशोब म्हणूनच मिटला नव्हता.

मी डी.एड. केलं आणि वर्ध्याच्या कडेला, बोरगाव मेघेच्या बाजूला, एका प्राथमिक शाळेत लागले. शाळेमागे पडीक जागा होती. तिथे मी पोरांकडून वाफे करून घेतले. वांगी, पालक, सांबार. निघालेली भाजी शाळेच्या खिचडीत पडते. पोरं पाणी मोजून देतात, रोपं विरळ करतात, कोणत्या पानावर कोणती अळी ते मला सांगतात. खिचडी शिजवायला ज्या बाया येतात त्यांतली एक माझी मैत्रीण. लग्न होऊन ती जवळच आली होती आणि मीच तिला बोलावून आणलं. तिचं ते बोट ताठच आहे. मोठं भांडं उचलताना ते वेगळं बाहेर राहतं.

एका वर्षी मुख्याध्यापिकांनी आमच्या बागेचा छोटा समारंभ ठेवला. पाहुणे म्हणून सिंदी मेघेतल्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावलं. शाळेच्या शेतीचा त्यांना मोठा अनुभव आहे, प्रमाणपत्र आहे, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. स्कूटरवरून उतरले तेव्हा मी गुरुजींना ओळखलं. केस पांढरे झाले होते, चालणं तेच. त्यांनी मला ओळखलं नाही.

भाषणात त्यांनी तुरीची गोष्ट सांगितली. "माझ्या स्वतःच्या वावरातली सगळीच्या सगळी तूर मी लेकरांना वाटली. घरात एक दाणा ठेवला नाही. मनात आलं, ज्यांनी पिकवलं त्यांना मिळायला हवं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझा सूड या माणसाने इतकी वर्षं हारासारखा गळ्यात घालून मिरवला होता.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी उठले, पाहुण्यांचे आभार मानले आणि म्हटलं, "गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टीतला थोडा भाग राहिला. तो मी सांगते, कारण त्या शाळेत चौथीत मी होते." मग म्हैस, कापूस, विळा, टिनाचा पत्रा, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. एकही विशेषण लावलं नाही. पोरांना गोष्ट सांगतात तशी सांगितली. गुरुजी आधी हसत होते, मग ओळखलं, मग खुर्चीचे हात धरून बसले.

"आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा," मी पोरांना म्हटलं.

तिसरीतली एक मुलगी उठली. "आजोबा, वावर तुमचं होतं तं तूर तुमी काऊन नाई कापली?"

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. "बाळा, आता आठवत नाही. खूप जुनं झालं."

"बोट कोणाचं कापलं ते तं आठवते नं?" दुसऱ्या एकाने विचारलं.

त्यांनी घसा खाकरला आणि स्वयंपाकखोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, "जरा पाणी आणा."

ती माझी मैत्रीण होती. पदराला हात पुसत ती दोन पावलं पुढे आली. आम्ही काही ठरवलेलं नव्हतं. तिने हात वर केला, त्या ताठ बोटासकट, आणि मैदानाच्या कडेच्या नळाकडे दाखवला.

"नळ तथी आहे, गुरुजी. आमच्या शाळेत सारे आपल्या हातानं पाणी घेतात. पेला बी आपला आपणच धुजा."

गुरुजी उठले. मुलांच्या रांगांमधून ते त्या नळापर्यंत गेले. पाणी प्यायले की नाही ते मला दिसलं नाही. पेला मात्र त्यांनी धुतला. तिथून परस्पर फाटकाबाहेर गेले. शाल आणि नारळ टेबलावर तसेच राहिले.

मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. पाहुण्यांचा असा अपमान, तोही मुलांसमोर. मी हो हो म्हणत ऐकून घेतलं. बाहेर आले तर मैत्रीण मोठं भांडं घासत बसली होती.

"लय बोलल्या का बाई?"

"बोलल्या."

"बोलू दे." ती राखेने घासत राहिली. मग म्हणाली, "तुले काय वाटलं होतं, मी पाणी देतो का काय त्याले?"

"मला काय माहीत. तू तेव्हा खरं बोलली नव्हतीस."

"तवा मले पाचवीत जाचं होतं," ती म्हणाली.

नारळ आम्ही फोडला आणि पोरांना वाटला. शाल तिने घरी नेली. गेल्या हिवाळ्यात कोणीतरी सांगितलं की गुरुजी अंथरुणाला खिळले आहेत. गावाकडचे जुने विद्यार्थी त्यांना भेटायला जाऊन येतात, तुम्ही दोघी इतक्या जवळ राहता, जाऊन या एकदा. सिंदी मेघे आमच्यापासून सायकलवर जाण्याइतकं जवळ आहे. आम्ही गेलो नाही.